फोटोशॉपचं लिक्विफाय : १२ वर्षं लग्नाचे अल्बम करून झालेलं माझं मत

कोल्हापुरात राजारामपुरीत एका छोट्या गाळ्यात बसून मी लग्नाचे अल्बम करून देते, १२ वर्षं झाली. नवरा फोटो काढतो, मी कॉम्प्युटरवर बसते. फोटो निवडायला नवरी येते, सोबत आई, मावशी, कधी करवली, आणि सगळ्या चहाला बाहेर गेल्या की ती खुर्ची माझ्याकडं सरकवते आणि हळू आवाजात विचारते, "ताई, दंड जरा बारीक होतील काय ओ?" कधी दंड, कधी पोट, कधी हनुवटीखालचं. हे काम मी करते फोटोशॉपमधल्या लिक्विफायनं. त्याबद्दल लिहायचं लय दिवस मनात होतं, कारण यूट्यूबवर बघावं तर सगळीकडं पाच मिनिटांत बारीक कसं करायचं एवढंच सांगतात, आणि ज्यांच्या अंगावर ते चालवलं जातं त्यांना हे नक्की काय असतं तेच माहीत नसतं.

तर आधी वस्तू काय आहे ते. फोटोशॉप आलं १९९० ला, लिक्विफाय त्यात आलं २००० साली, सहाव्या व्हर्जनमधे. फिल्टर मेनूत असतं, किंवा कंट्रोल शिफ्ट एक्स दाबायचं, वेगळी खिडकी उघडते आणि फोटो शाडूच्या मातीसारखा मऊ होतो, बोटानं ढकलावा तसा ब्रशनं ढकलायचा. आत काय होतं म्हणाल तर फोटोवर एक न दिसणारी जाळी अंथरलेली असते, ब्रश फिरवला की जाळीचे चौकोन वाकतात आणि त्यातला रंग त्यांच्याबरोबर ताणला जातो नाहीतर दाबला जातो. नवीन काही तयार होत नाही, आहे तेच सरकतं. एवढं एक डोक्यात ठेवलं की लिक्विफायच्या सगळ्या चांगल्या-वाईट गोष्टी आपोआप कळतात, पोट आत ढकललं तर ती मोकळी झालेली जागा भरायला मागची भिंत ओढून आणावी लागते, आणि भिंतीवर फरशी असली, खांब असला, फुलांच्या माळा असल्या तर त्या पण सोबत वाकत येतात.

हत्यारं बरीच आहेत पण रोजच्या कामात मी तीन-चारच वापरते. पहिलं फॉरवर्ड वॉर्प, साधं ढकलायचं. नवीन पोरं इथंच चुकतात, छोटा ब्रश घेतात आणि दंडाची कड टोचत टोचत आत घेतात, मग ती कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसते. ब्रश मोठा घ्यायचा, दंडापेक्षा मोठा, प्रेशर एकदम कमी ठेवायचं, आणि एकदाच सावकाश ढकलायचं. दुसरं पुश लेफ्ट, हे कळायला मला वर्ष गेलं. ब्रश वर नेला की पिक्सेल, म्हणजे फोटोचे बारीक ठिपके, डावीकडं सरकतात, खाली नेला की उजवीकडं, म्हणजे एखाद्या गोष्टीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरलात तर ती फुगते आणि उलटं फिरलात तर आकसते. लांब सरळ कड असेल, उदाहरणार्थ कमरेपासून खाली साडीची, तर याच्यासारखं दुसरं काही नाही. पकर आणि ब्लोट म्हणजे आवळणं आणि फुगवणं, ते मी क्वचित वापरते, त्यानं मधला भाग लगेच खोटा दिसायला लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं फ्रीझ मास्क. जे हलायला नको त्याच्यावर आधी लाल रंग फिरवून घ्यायचा, हात, दागिने, मागचा दरवाजा, तेवढं गोठून राहतं. हे न वापरता काम करणाऱ्याच्या हातात कुणी आपल्या लग्नाचे फोटो देऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

अजून एक, फोटो आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्यायचा आणि मग लिक्विफाय लावायचं. मग ते कधीही परत उघडून कमी-जास्त करता येतं, मूळ फोटो तसाच्या तसा खाली राहतो. नाहीतर तेच तेच दोन-चारदा लावलं की दरवेळी फोटोतला बारीकपणा जातो, कातडी मेणासारखी दिसते.

आता आपल्याकडच्या लग्नात हे हत्यार कुठं मार खातं ते ऐका. काठपदर. पैठणी असू दे नाहीतर शालू, काठ सरळ रेषेत असतो आणि त्यावर नक्षी ठराविक अंतरावर असते, डोळ्याला ती सवय असते, जरा जरी ढकललं तरी एक बुट्टी जाड आणि शेजारची बारीक झालेली लगेच दिसते, का ते सांगता येत नाही पण काहीतरी खटकतं. दुसरं दागिने. चेहऱ्याचा खालचा भाग आत घेताना गळ्यातली ठुशी सोबत ओढली जाते आणि तिचे गोल मणी लंबगोल होतात. कोल्हापुरी साज असेल तर अजून अवघड, त्यातली मासा, कासव अशी एकेक पानं घडवलेली असतात, एक जरी पान वाकडं झालं तर गुजरीतला सोनार फोटो बघून सांगेल की हे असं नसतं म्हणून. नवरीची आजी पण सांगेल, कारण बहुतेक वेळा तो साज तिचाच असतो.

आणि प्री-वेडिंग. रंकाळ्यावर संध्याकाळी पाण्याच्या कडेला जोडी उभी करतात, पाण्यात प्रतिबिंब, लय भारी येतो तो फोटो. मी सुरुवातीच्या काळात एका मुलीची कंबर त्यात अर्धा इंच आत घेतली आणि प्रतिबिंब विसरले. काठावर एक मुलगी आणि पाण्यात दुसरीच. फोटो प्रिंट होऊन घरात लागला आणि तिच्या धाकट्या भावानं, पाचवी-सहावीतलं पोर, त्यानं पहिल्यांदा ओळखलं. तेव्हापासून सावली, आरसा, पाणी, स्टेजची चकचकीत फरशी हे चार आधी बघते. पन्हाळ्याला तीन दरवाजापाशी काढलेल्या फोटोत दगडांच्या ओळी असतात, त्यात तर मी लिक्विफाय उघडतच नाही, ते दगड इतकी वर्षं सरळ आहेत, माझ्यामुळं वाकायला नकोत.

चेहऱ्यासाठी २०१६ पासून फेस अवेअर म्हणून एक प्रकार आलाय, तो डोळे, नाक, ओठ, जबडा आपोआप ओळखतो आणि तुम्ही फक्त पट्टी सरकवायची. डोळे मोठे, जबडा बारीक, कपाळ कमी, काय पाहिजे ते. काम इतकं सफाईदार करतो की भीती वाटते. २०१९ मधे फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबी कंपनीच्याच लोकांनी अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठाबरोबर एक अभ्यास केला, माणसांना मूळ चेहरा आणि हे चालवलेला चेहरा दाखवून विचारलं की यातला बदललेला कुठला, तर माणसं ५३ टक्के वेळा बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. त्यांनी शिकवलेल्या कॉम्प्युटरनं मात्र ९९ टक्के बरोबर ओळखलं. म्हणजे तुमच्या माझ्या डोळ्याला हे कळणार नाही असं धरूनच चालायचं. म्हणून मला वाटतं की ही पट्टी सरकवणाऱ्यावर जबाबदारी लय मोठी आहे, समोरच्याला कळतच नसेल तर त्याला विचारणं हे आपलंच काम.

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल की मी या हत्याराच्या विरोधात आहे, तसं अजिबात नाही. एका कामासाठी मी त्याला पैकीच्या पैकी मार्क देते आणि ते काम म्हणजे ग्रुप फोटो. बघा, कार्यालयातलं स्टेज लहान, त्यावर भावकीतले वीस-पंचवीस जण उभे, समोर खुर्च्या, फोटोग्राफरला मागं सरकायला जागा नाही, मग तो वाईड लेन्स लावतो, १६ नाहीतर २४ एमएमची. ही लेन्स रेषा सरळ ठेवते पण त्याच्या बदल्यात कडेला जे असेल ते बाहेरच्या बाजूला ताणते, मधे ठेवलेला चेंडू गोल येतो आणि तोच चेंडू कडेला ठेवला तर अंड्यासारखा येतो. आता कडेला उभं कोण असतं? नवरा-नवरी मधे, त्यांच्या शेजारी आईवडील, आणि अगदी टोकाला "तुम्ही व्हा पुढं, मी हाय हितंच" म्हणणाऱ्या मावश्या आणि काकू. दिवसभर राबलेल्या, घाईत साडी नेसलेल्या, आणि फोटोत त्याच सगळ्यात जाड दिसतात. त्यांना वाटतं आपण खरंच अशा आहोत. एक काकू माझ्या गाळ्यात त्यांचा ग्रुप फोटो बघून गप्पच झाल्या, म्हणाल्या, "म्हणूनच मी फोटोत येत न्हाई." मी त्यांना लेन्सचं सगळं समजावलं, मग लिक्विफाय उघडून ताणलेली कड जिथं असायला पाहिजे होती तिथं परत नेली, दोन मिनिटांचं काम. त्यांना बारीक केलं नाही, जशा आहेत तशा केलं. हल्ली मी कडेच्या माणसांसाठी अडॅप्टिव्ह वाईड अँगल म्हणून फोटोशॉपमधेच दुसरं फिल्टर आहे ते पण वापरते, पण त्यानं पूर्ण फोटो हलतो, एकट्या माणसाला नीट करायला लिक्विफायच सोपं पडतं.

तसंच कापडाचं. नवीन रेशमी साडीच्या निऱ्या फुगून उभ्या राहतात, पोट नसलेल्या मुलीला पोट दिसतं. ब्लाऊजची बाही घट्ट शिवलेली असते, काठ दंडात रुततो आणि वर-खाली मांस फुगतं. अशा वेळी निऱ्या दाबून बसवायच्या, बाहीच्या कडेची खोच काढायची, बास. "दंड बारीक करा" म्हणणाऱ्या मुलीला एवढंच करून दाखवलं तर बहुतेक वेळा ती म्हणते हां, झालं, आता बरोबर आहे. तिला बारीक व्हायचंच नव्हतं, शिंप्यानं केलेला घोळ काढायचा होता.

माझ्या सासऱ्यांचा जुना स्टुडिओ होता, ब्लॅक अँड व्हाईटच्या काळातला. ते निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं काम करायचे, काचेमागं उजेड ठेवून, भिंग लावून. पेन्सिल फिरवली की तेवढा भाग प्रिंटमधे उजळ येतो, सुरकुती जाते. पातीनं खरवडलं की काळा येतो, मग मागचा पडदा गडद असला की कमरेची कड त्यात मिसळून टाकता यायची. म्हणजे हा उद्योग काय आजचा नाही. पण ते म्हणायचे की पेन्सिलीपर्यंत जायची वेळ आली म्हणजे उभं करताना आपलं चुकलं. माणसाला कॅमेऱ्यासमोर थेट छाती करून उभं करायचं नाही, जरा तिरकं, वजन मागच्या पायावर, हात अंगाला चिकटलेला नको, कारण चिकटला की दंड चेपून रुंद दिसतो, आणि हनुवटी वर नाही, जरा पुढं. हे चार केलं की अर्धं काम तिथंच संपतं. नवऱ्याला मी अजून हेच सांगते, तू दोन सेकंद थांबून ताईंचा हात जरा सोडवलास तर माझा अर्धा तास वाचतो.

आता जे लिहायला जड जातंय ते. चार वर्षांपूर्वी ऐन सीझनला, मे महिना, एका दिवसात तीन-तीन लग्नं, मी एका छोट्या कंपनीचं एका क्लिकवालं प्लगइन, म्हणजे फोटोशॉपला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, घेतलं, नाव लिहीत नाही. सगळे फोटो एका फोल्डरमधे टाकायचे आणि सोडून द्यायचं, ते माणसं ओळखून सगळ्यांना आपोआप थोडं थोडं बारीक करतं, लिक्विफायसारखंच, फक्त हात मशीनचा. सहाशे फोटो रात्री लावून झोपले, सकाळी वरवर बघितले, चांगले वाटले, अल्बम प्रिंटला गेला. अल्बम घरी गेल्यावर नवरीच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. लग्नात ती सात महिन्यांची गरोदर होती. म्हणाली, "वहिनी, माझं बाळ कुठं गेलं ओ फोटोतनं?" मी फाईल उघडून बघितलं. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक फोटोत तिचं पोट सपाट केलेलं होतं. मशीनला काय कळणार, त्याला पोट दिसलं, त्यानं आत घेतलं. पण मला कळायला पाहिजे होतं, मी एक एक फोटो बघायला पाहिजे होता. तिची ती पहिलीच वेळ, बहिणीच्या लग्नात त्या अवस्थेत नाचली होती ती, आणि मी तेच पुसलं होतं. सगळे मूळ फोटो काढून अल्बम परत नव्यानं केला, प्रिंटचा खर्च माझ्याकडं घेतला, पण तो फोन मला अजून ऐकू येतो. प्लगइन त्याच दिवशी काढून टाकलं. मोबाईलवरची जी ॲप आहेत, फेसट्यून २०१३ ला आलं तेव्हापासून तशी चिकार झाली, ती स्वतःच्या फोटोवर स्वतः वापरा, तुमचा चेहरा, तुमची मर्जी. पण दुसऱ्याच्या सहाशे फोटोंवर डोळे झाकून चालवायची गोष्ट ही नव्हे.

दुसरा धडा एका पैलवानानं दिला. मी अधूनमधून फ्लेक्सची पण कामं घेते. मैदान मारून आलेल्या एका पोराच्या अभिनंदनाचा फ्लेक्स होता, मित्रांनी सांगितलं दंड जरा मोठे दिसू देत, म्हणून मी ब्लोटनं फुगवले. आणि माझ्या मनानंच, कुणी न सांगता, त्याचे कान नीट केले. कुस्तीत घासून घासून सुजून घट्ट झालेले असतात ना, वाटोळे, दुमडलेले, मला वाटलं बरं दिसेल. फ्लेक्स चौकात लागला आणि दुसऱ्या दिवशी पोरगा स्वतः आला. आवाज चढवला नाही, एकदम अदबीनं बोलला. "ताई, दंड माझे न्हाईत हे, तालमीतली पोरं रोज बघत्यात मला, हसतील. पन कान का नीट केलासा? आठ वर्षं मातीत घातल्यात त्या कानासाठी." मला काय बोलावं सुचेना. तिथल्या तिथं मूळ फोटो काढून नवीन फ्लेक्स करून दिला. या गावात तालमीत जाणाऱ्याचे कान म्हणजे काय असतात हे मी लहानपणापासून बघत आलेय, माझे मामा खासबागेत कुस्ती बघायला न्यायचे मला, आणि तरी माझा हात गेला. कारण ब्रश हातात असला की दिसेल ते गुळगुळीत करावंसं वाटतं, सवयच लागते, आणि सवय लागली की विचारायचं राहून जातं.

बाहेरच्या देशांत याला कायदे आहेत. फ्रान्समधे १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं अंग असं जाड-बारीक केलं असेल तर फोटो रिटच केलाय असं छापावं लागतं, नाही छापलं तर ३७,५०० युरोपर्यंत दंड. इस्रायलनं त्याच्याही आधी, २०१२ मधे कायदा केला. नॉर्वेत १ जुलै २०२२ पासून तसंच, जाहिरातीत अंगाचा आकार बदलला तर त्यावर ठरलेलं चिन्ह लावायचं. हे सगळं जाहिरातींसाठी आहे, लग्नाच्या अल्बमला लागू नाही, पण ते वाचून मी माझ्यापुरता एक नियम केला. बुकिंगच्या फॉर्मवर आता एक रकाना वाढवलाय : अंगाच्या आकारात बदल हवा का, कुणाच्या, कुठं. आणि तो ज्याचा त्यानं भरायचा. नवरीनं आईसाठी भरायचा नाही, सासूनं सुनेसाठी तर नाहीच नाही. हो, असं पण घडतं, "सून जरा बारीक दाखवा" म्हणून वेगळा फोन येतो, मी म्हणते मावशी, तिला माझ्याशी बोलू दे.

नवीन शिकणाऱ्यांना एवढंच सांगेन की लिक्विफाय घ्या, शिका, पाचपैकी साडेचार देते मी, अर्धा मार्क यासाठी कापते की यात आपण किती ढकललं याचा अंदाज काम करताना येत नाही. प्रीव्ह्यूचा टिक काढून-घालून दर मिनिटाला मूळ फोटो बघत राहायला लागतं. डोळा दहा मिनिटांत नव्या आकाराला सरावतो आणि अजून थोडं, अजून थोडं करत माणूस हातातनं निसटतो. मी तर काम झालं की उठून भांडी घासून येते आणि मग बघते. आणि नवऱ्या मुलींनो, तुमच्या फोटोग्राफरकडून मूळ फोटो पेनड्राईव्हवर मागून घ्या, अल्बम आल्यावर नाही, आधीच ठरवून घ्या.

परवा एक मुलगी आली होती, कळंब्याची, लग्न झालं तुळशीच्या लग्नानंतर. तिला मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले, मूळ आणि केलेला. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, बाहीचं केलंय ते राहू दे, कंबर परत होती तशी करा, आणि आईला हात लावू नका. तसा अल्बम काल प्रिंटला गेला.